हायपरप्लेशिया: शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायपरप्लेशिया म्हणजे नेमके काय?

एखाद्या अवयवातील किंवा ऊतीतील पेशींची संख्या नेहमीपेक्षा वाढणे आणि त्यामुळे सहसा तो अवयव किंवा तो भाग आकारानेही मोठा होणे, याला हायपरप्लेशिया म्हणतात. या व्याख्येत ‘संख्या’ हा शब्द कळीचा आहे. वाढ कशामुळे झाली, ती चांगली की वाईट, पुढे थांबेल की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर हा शब्द स्वतःहून देत नाही. ती उत्तरे त्याच्या आगेमागे येणाऱ्या विशेषणांत शोधावी लागतात, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाचताना होणारे बहुतेक गैरसमज ही विशेषणे नजरेतून सुटल्यामुळेच होतात.

हा शब्द कोणत्या मुळांपासून तयार झाला आहे?

ग्रीक भाषेतील ‘हायपर’ म्हणजे वर, पलीकडे, प्रमाणाबाहेर. ‘प्लासिस’ म्हणजे घडण. ते ‘प्लासेन’ या क्रियापदावरून आले असून त्याचा मूळ अर्थ ओल्या मातीला किंवा मेणाला आकार देणे असा होता. प्लॅस्टिक, प्लाझ्मा, प्लास्टर, प्रोटोप्लाझम हे सारे शब्द याच घराण्यातले, आणि नाकाची किंवा त्वचेची पुनर्रचना करणाऱ्या शस्त्रक्रियेला प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात तेही आकार देण्याच्या याच अर्थाने. तिचा प्लॅस्टिक या पदार्थाशी काही संबंध नाही.

‘हायपर’ हा घटक तर आपल्याला वाटतो तितका परका नाही. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाची दोन रूपे आहेत, आणि त्या ‘उपरि’पासूनच प्राकृतातून मराठीतले ‘वर’ आले.

हा शब्द कोणी आणि कशासाठी रूढ केला?

याचे श्रेय जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ (१८२१–१९०२) यांच्याकडे जाते. त्यांनी १८५८ मध्ये बर्लिनमध्ये दिलेली पेशीविकृतिशास्त्रावरील व्याख्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजार अवयवाचा नसून मुळात पेशींचा असतो, हा विचार तेथून वैद्यकात रुजला.

या शब्दाची गरज नेमकी त्याच काळात का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. अवयव मोठा होण्याला ‘हायपरट्रॉफी’ हे नाव पेशी सिद्धांत येण्याआधीपासूनच प्रचारात होते, कारण डॉक्टरांना डोळ्यांनी अवयव दिसत होता आणि तराजूत त्याचे वजन करता येत होते. पुढे १८३९ मध्ये थिओडोर श्वान यांनी प्राणी पेशींचे बनलेले असतात असे मांडले खरे, पण नव्या पेशी एका निराकार द्रवातून, जवळजवळ स्फटिक जमावा तशा, तयार होतात अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीत पेशींच्या संख्यावाढीला वेगळा अर्थ नव्हता. रॉबर्ट रेमाक यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेशी विभाजनानेच वाढतात असे दाखवले. फिरशॉ यांनी १८५५ मध्ये ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ या आशयाचे लॅटिन वचन पुढे केले आणि ते त्यांच्याच नावावर गाजले. रेमाक यांचा वाटा त्यात झाकला गेला, हे इथे नोंदवणे न्यायाचे ठरेल.

पेशी पेशीपासूनच येते हे एकदा मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला: मोठ्या झालेल्या अवयवात आहे त्याच पेशी फुगल्या आहेत की त्यांची प्रजा वाढली आहे? फिरशॉ यांनी पहिल्या प्रकाराला साधी हायपरट्रॉफी म्हटले आणि दुसऱ्या, संख्यात्मक प्रकारासाठी हायपरप्लेशिया हे नाव वापरले.

हायपरट्रॉफी आणि हायपरप्लेशिया यांत फरक कसा करायचा?

‘ट्रॉफी’ म्हणजे पोषण. हायपरट्रॉफीत प्रत्येक पेशी अधिक प्रथिने तयार करते आणि स्वतः मोठी होते, संख्या मात्र तीच राहते. हायपरप्लेशियात पेशी विभागतात आणि त्यांची संख्या वाढते. कागदावर हा भेद स्वच्छ आहे. शरीरात मात्र दोन्ही गोष्टी अनेकदा हातात हात घालून चालतात.

गर्भारपणातील गर्भाशय हे याचे उत्तम उदाहरण आहे. एरवी सुमारे ७० ग्रॅम वजनाचा हा अवयव प्रसूतीच्या वेळी सुमारे ११०० ग्रॅमपर्यंत पोहोचतो. ही वाढ मुख्यतः स्नायुपेशी लांबरुंद झाल्यामुळे होते, परंतु सुरुवातीच्या काळात पेशींची संख्याही वाढते. यकृतातही असेच मिश्रण दिसते: उंदरांवरील प्रयोगांत यकृताचा तिसरा हिस्सा काढला तर उरलेल्या पेशी केवळ मोठ्या होऊन तूट भरून काढतात, दोन तृतीयांश काढला तर त्या आधी मोठ्या होतात आणि मग विभागतात.

हृदयाच्या स्नायूचे तसे नाही. वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध वर्षानुवर्षे काम करणाऱ्या हृदयाची भिंत जाड होते ती हायपरट्रॉफीने, कारण प्रौढ हृदयपेशींची विभागण्याची क्षमता नगण्य असते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा माग काढून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की वयाच्या २५ व्या वर्षी वर्षाला सुमारे १ टक्का हृदयस्नायुपेशी बदलल्या जातात आणि ७५ व्या वर्षी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. व्यायामाने दंड भरतात तीही प्रामुख्याने हायपरट्रॉफीच. मात्र स्नायुतंतूंना नवी केंद्रके पुरवण्यासाठी त्यांच्या कडेला असलेल्या उपग्रह पेशी विभागतात, म्हणजे तेथेही विभाजनाचा थोडा अंश असतोच. या उपग्रह पेशींचे वर्णन १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी केले.

प्रोस्टेटच्या वाढीला काही जण हायपरट्रॉफी आणि काही जण हायपरप्लेशिया म्हणतात. बरोबर काय?

हायपरप्लेशिया. उतारवयात पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत (मूत्राशयाखालील ग्रंथीत) ग्रंथिपेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या ऊतीतील, म्हणजे आधारऊतीतील, पेशी या दोन्हींची संख्या वाढून गाठी तयार होतात, पेशींचा आकार वाढत नाही. जुन्या लिखाणातील ‘सौम्य प्रोस्टेट हायपरट्रॉफी’ हे नाव त्यामुळे चुकीचे आहे, तरी बोलण्यात ते अजून टिकून आहे.

या ग्रंथीकडे पाहिले की आणखी एक बारकावा कळतो. पेशींची संख्या वाढण्यासाठी नेहमी जन्मच जास्त व्हावे लागतात असे नाही, मृत्यू कमी झाले तरी संख्या वाढते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली प्रोस्टेटमधील पेशींचा नियोजित मृत्यू कमी होणे हा या वाढीतील महत्त्वाचा भाग मानला जातो. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या पुरुषांत प्रोस्टेट लहानच राहते, आणि हेच विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध वाढलेली ग्रंथी हळूहळू आक्रसवते.

शरीरातील सर्वच पेशींत हायपरप्लेशिया होऊ शकतो का?

नाही. इटालियन शास्त्रज्ञ जूलियो बिझोझेरो यांनी १८९४ मध्ये ऊतींचे तीन गट केले आणि ते आजही शिकवले जातात. त्वचा, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा यांतील पेशी आयुष्यभर विभागत राहतात. यकृत, मूत्रपिंड आणि अनेक ग्रंथींच्या पेशी एरवी शांत असतात, पण गरज पडली की विभागू लागतात. मेंदूतील बहुतांश चेतापेशी आणि हृदयाचा स्नायू यांची विभाजनक्षमता जवळजवळ संपलेली असते. हायपरप्लेशिया पहिल्या दोन गटांतच दिसतो.

पेशींना वाढण्याचा आदेश कोठून मिळतो?

बहुधा बाहेरून. वृद्धिघटक किंवा संप्रेरक पेशीच्या ग्राहकाला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, रिसेप्टरला) जोडले जातात, तो संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशीचक्र सुरू होते. या चक्राची कळ फिरवणारी सायक्लिन प्रथिने व त्यांची सहकारी विकरे शोधल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी एरिथ्रोपोएटिन अधिक प्रमाणात सोडतात, आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी वाढू लागतात. आहारात आयोडीन कमी असेल तर अवटू (थायरॉइड) ग्रंथीला पुरेसे संप्रेरक तयार करता येत नाही. मग मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी उत्तेजक संप्रेरक वाढवत नेते आणि अवटूच्या पेशी वाढून गलगंड दिसू लागतो.

मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात हायपरप्लेशियातही हाच प्रकार आहे, फक्त दोष जनुकात आहे. या विकारांच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर कमी पडते आणि कॉर्टिसॉल तयार होत नाही. कॉर्टिसॉल कमी दिसते म्हणून पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला सतत चेतवत राहते, ग्रंथी वाढते, पण वाढूनही तिला जे जमत नाही ते जमत नाही. उलट अडलेला कच्चा माल पुरुष संप्रेरकांच्या मार्गाला वळतो. हवे ते संप्रेरक औषध म्हणून दिले की चेतना कमी होते. अशा विकाराचे पहिले तपशीलवार वर्णन १८६५ मध्ये नेपल्सच्या लुईजी दे क्रेक्किओ यांनी शवविच्छेदनावरून केले होते.

मग हायपरप्लेशिया हा आजार आहे का?

तो एक प्रतिसाद आहे. किशोरवयात व गर्भारपणात स्तनातील ग्रंथिऊती वाढते, ती हायपरप्लेशियाच होय, आणि तिला कोणी आजार म्हणत नाही. यकृताचा मोठा भाग दान करणाऱ्या माणसाचे उरलेले यकृत काही आठवड्यांत बरीचशी तूट भरून काढते. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढण्याची जी पद्धत वर्णिली तीच पुढे या अभ्यासाचा पाया झाली. त्या प्राण्यांत यकृताचे वजन साधारण आठवडा ते दहा दिवसांत पूर्ववत होते. गंमत अशी, की कापलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेले खंडच मोठे होतात आणि एकूण वजन जुन्या मापाला आले की विभाजन थांबते.

संप्रेरकांचा अतिरेक किंवा सततचा क्षोभ यांमुळे प्रमाणाबाहेर होणारी वाढ मात्र विकृतीत मोडते. तरीही तेथे नियंत्रण पूर्णपणे सुटलेले नसते: कारण दूर झाले की वाढ सहसा ओसरते.

हायपरप्लेशिया म्हणजे कर्करोग का? किंवा त्यातून कर्करोग होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर अवयवावर आणि पेशींच्या रूपावर अवलंबून आहे. प्रोस्टेटचा सौम्य हायपरप्लेशिया कर्करोगाची पूर्वावस्था मानला जात नाही. एकाच ग्रंथीत दोन्ही आढळू शकतात, पण ती दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. यकृतातील स्थानिक गाठीच्या स्वरूपाचा हायपरप्लेशियाही कर्करोगाकडे वळत नाही.

गर्भाशयाच्या अस्तराची गोष्ट वेगळी आहे. तेथे इस्ट्रोजेनचा प्रभाव प्रोजेस्टेरॉनच्या तोलाशिवाय दीर्घकाळ राहिला, तर ग्रंथी वाढतात. कर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात, पेशींत असामान्यता (रिपोर्टमधील ‘अॅटिपिया’) नसलेल्या साध्या हायपरप्लेशियातून कर्करोगाकडे जाण्याचे प्रमाण सुमारे १ टक्का आणि जटिल हायपरप्लेशियातून ३ टक्के होते, तर असामान्य पेशी असलेल्या साध्या प्रकारात ते ८ टक्के आणि जटिल प्रकारात २९ टक्के निघाले. हे आकडे शांतपणे वाचले तर दिसते, की ग्रंथींच्या गुंतागुंतीने धोका थोडाच वाढतो, पेशींच्या असामान्यतेने मात्र कितीतरी पट वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या वर्गीकरणात चार गट मोडून दोनच ठेवले: असामान्यता नसलेला आणि असामान्यता असलेला. माझ्या मते हा बदल फार पूर्वीच व्हायला हवा होता, कारण ‘जटिल’ हा शब्द वाचून घाबरलेल्या रुग्णांना त्याचा खरा अर्थ समजावण्यातच डॉक्टरांचा वेळ जात असे.

स्तनाच्या नलिकांतही हीच रेषा महत्त्वाची ठरते. तेथे नेहमीच्या प्रकारच्या हायपरप्लेशियाने पुढील काळातील कर्करोगाचा धोका दीड ते दोन पट, तर असामान्य हायपरप्लेशियाने सुमारे चार पट होतो.

हायपरप्लेशिया आणि अर्बुद (ट्यूमर) यांत सीमारेषा कशी आखली जाते?

पहिली कसोटी थांबण्याची, दुसरी वंशावळीची. हायपरप्लेशियात एका आदेशाला अनेक पेशी एकाच वेळी प्रतिसाद देतात, त्यामुळे वाढलेल्या पेशींचे पूर्वज अनेक असतात. अर्बुदाची सुरुवात सहसा जनुकीय बदल झालेल्या एका पेशीपासून होते.

हे तपासण्याची एक सुरेख युक्ती १९६५ मध्ये लिंडर आणि गार्टलर यांनी वापरली. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असते. कोणते, ते भ्रूणावस्थेतच ठरते आणि त्या पेशीच्या सर्व वंशजांत तसेच राहते. काही स्त्रियांत जी-६-पीडी या विकराची दोन वेगळी रूपे दोन एक्स गुणसूत्रांवर असतात. अशा स्त्रियांच्या गर्भाशयाच्या निरोगी स्नायूच्या तुकड्यात दोन्ही रूपे मिळाली, पण स्नायूच्या प्रत्येक अर्बुदात एकच रूप मिळाले. याचा अर्थ, ते अर्बुद एकाच पेशीची संतती होते.

सीमारेषा नेहमी इतकी ठळक नसते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत परावटू ग्रंथी (कॅल्शियमचे प्रमाण सांभाळणाऱ्या, अवटूजवळच्या छोट्या ग्रंथी) आधी प्रतिसाद म्हणून वाढतात. वर्षे लोटली की त्यांतील काही गाठी स्वायत्त होतात आणि कॅल्शियमचे प्रमाण पूर्ववत झाले तरी संप्रेरक सोडतच राहतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हायपरप्लेशिया कसा ओळखतात?

गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊ. नेहमीच्या अस्तरात नळीसारख्या ग्रंथी एकमेकींपासून अंतर राखून असतात आणि मधली जागा आधारऊतीने भरलेली असते. हायपरप्लेशियात ग्रंथींची दाटी होते, काही फुगतात, काहींना फाटे फुटतात आणि मधली आधारऊती आक्रसून पातळ पट्ट्यांएवढी उरते. मग तपासणारा अधिक मोठे दाखवणाऱ्या भिंगाकडे वळतो आणि केंद्रके पाहतो: ती लांबट व रांगेत असतील तर असामान्यता नाही, गोल, मोठी, ठळक केंद्रकबिंदूंची आणि रांग मोडलेली असतील तर आहे.

विभाजन किती जोरात चालू आहे हे पाहण्यासाठी केआय-६७ हे प्रथिन रंगवले जाते. ते विश्रांत अवस्थेबाहेरच्या, म्हणजे चक्रात असलेल्या पेशींतच दिसते. १९८३ मध्ये वर्णिलेल्या या चाचणीचे नाव जर्मनीतील कील शहर आणि प्रयोगाच्या ताटलीतील ६७ क्रमांकाचा खळगा यांवरून पडले.

‘-प्लेशिया’ने संपणारे इतर शब्द कोणते?

एप्लेशिया म्हणजे अवयव किंवा ऊती घडलीच नाही; हायपोप्लेशिया म्हणजे अपुरी घडली. मेटाप्लेशियात एका प्रकारच्या प्रौढ पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या प्रौढ पेशी घेतात, जसे धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत केसल पेशींऐवजी चपट्या पेशींचे थर येतात. डिसप्लेशियात पेशींची रचना व शिस्त बिघडते, आणि अॅनाप्लेशियात मूळ ऊतीशी असलेले साम्यच हरवते. निओप्लेशिया म्हणजे नवघडण, अर्थात अर्बुद. डिसप्लेशिया आणि हायपरप्लेशिया यांची गल्लत सर्वांत जास्त होते आणि ती महागात पडू शकते, म्हणून रिपोर्टमधील उपसर्ग अक्षरशः वाचावा.

हा शब्द चुकीच्या ठिकाणीही वापरला जातो का?

होय. फेनिटोइन, सायक्लोस्पोरिन किंवा निफेडिपिन ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या हिरड्या वाढतात आणि त्याला सर्रास हायपरप्लेशिया म्हटले जाते. तेथे वाढीचा मोठा भाग पेशींच्या संख्येचा नसून पेशींमधील तंतुमय द्रव्याचा असतो. म्हणून अलीकडे ‘हिरड्यांची औषधजन्य वाढ’ असे तटस्थ वर्णन पसंत केले जाते.

मराठीत याला काय म्हणावे?

‘अतिवृद्धी’ म्हटले तर संख्या वाढली की आकार, हे कळत नाही आणि फिरशॉ यांनी ज्यासाठी खटाटोप केला तो भेदच पुसला जातो. ‘पेशींची संख्यावाढ’ असे म्हणणे सरळ आणि अचूक आहे. वैद्यकीय कागदपत्रांत मूळ शब्दच ठेवणे सोयीचे.

चरबी वाढते तेव्हा पेशी वाढतात की फुगतात?

दोन्ही. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार चरबीच्या पेशींची संख्या मुख्यतः बालपणी व किशोरवयात ठरते, दरवर्षी त्यांतील सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात, आणि मोठ्या प्रमाणावर वजन घटले तरी संख्या कमी होत नाही. त्या पेशी फक्त रिकाम्या होतात.

रिपोर्टमध्ये हा शब्द आला तर डॉक्टरांना काय विचारावे?

तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या पेशी वाढल्या आहेत, त्यांत असामान्यता नोंदवली आहे का, आणि वाढीला चालना देणारे कारण सापडले आहे का. असामान्यता नसेल आणि कारण दूर करता येण्याजोगे असेल, तर अनेकदा औषध व पुन्हा तपासणी एवढेच पुरते. गर्भाशयाच्या अस्तरासाठी प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधे दिली जातात. असामान्यता असेल तर शस्त्रक्रियेचा विचार का केला जातो याला ठोस आधार आहे: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नमुन्यात असामान्य हायपरप्लेशिया आढळलेल्या स्त्रियांचे गर्भाशय काढून तपासले असता सुमारे ४३ टक्क्यांत त्याच वेळी कर्करोगही सापडला होता. नमुना अस्तराच्या थोड्याशा भागाचाच असतो, त्यामुळे अशा वेळी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून काचपट्ट्या पुन्हा पाहून घेण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही.